आबा, उजवा पाय राहिला

आबा, तुमच्या पिंडाला कावळा लगेच शिवला.

घाटावर पान ठेवून माणसं मागं सरकली न सरकली तोच तो आला, भातावर चोच मारली आणि गेला. कुणाला हात जोडायलासुद्धा सवड दिली नाही. सगळ्यांची तोंडं उजळली. कुणीतरी म्हणालं, "भाग्यवान माणूस! कसली म्हणून वासना राहिली नाही मागं." तुमचे धाकटे, संजयभावजी, रडता रडता हसले. आमच्या ह्यांनी तर पाठीवरचं पोतं उतरवल्यासारखा श्वास सोडला. आणि मी, तुमची थोरली सून, लांब बायकांच्यात उभी होते, मला असा राग आला म्हणून सांगू! म्हटलं, असं कसं काही राहिलं नाही? दुकानात वहाणांचा जोड अर्धा पडलाय. डावा पाय झालाय, उजव्याचं कातडंसुद्धा कापलेलं नाही. आणि ह्यांना वासना नाही?

खरं सांगू का, मी तयारी करून आले होते. कावळा येणार नाही, अर्धा तास सगळे ताटकळतील, एकेक जण पुढं होऊन काहीबाही कबूल करील, आणि मग मी पुढं जाऊन हात जोडून म्हणणार होते, "आबा, उजवा पाय मी करीन." चार दिवस ते वाक्य तोंडात घोळवत होते. तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत. जिवंतपणी तरी कुठं बोलू देत होतात म्हणा. म्हणून आता लिहितेय. आता तरी "पुरे" म्हणून उठून जाता येणार नाही तुम्हाला.

जोड कुणाचा ते तुम्हाला सांगायला नको. काल्हेरच्या धर्मादादांचा. तरुणपणी त्यांच्या उजव्या पायावरून पेंढ्यांनी भरलेली बैलगाडी गेली, तेव्हापासून तो पाय पुढून आखूड आणि करंगळी बाहेर फेकलेली. रेडिमेड काही पायात जातच नाही. बैल गेले, शेतावर गोडाउनं उभी राहिली, दारात चारचाकी आली, पण पायात तुमच्याच हातच्या वहाणा. तुमच्या शेवटच्या आठवड्यातच येऊन सांगून गेले होते, "पोराची हलद हाय आबा. जुन्या घालून नाचलो तं गाव हसंल मना." तुम्ही मान हलवलीत. तुमची मान हलली म्हणजे स्टॅम्पपेपरवर सही.

मी दुकानात आले ती सासूबाई गेल्या त्या वर्षी. त्या होत्या तोवर आपल्या घराची रीत ठरलेली होती. तुम्ही दुकानात कातडं कापायचं, शिवायचं, आणि त्यांनी टेमघरला घरी बसून कातडी वाद्यांच्या वेण्या घालायच्या. पट्ट्यावरची ती बारीक वेणी म्हणजे बाईचं काम. त्या गेल्या आणि वेण्या थांबल्या. खिळ्याला बिनवेणीचे पट्टे लटकायला लागले, गिऱ्हाईक हात हलवत परत जायला लागलं. एक दिवस मी तुमचा डबा घेऊन आले. तुम्ही म्हणालात, "ठेवलास ना डबा? जा आता." मी म्हटलं, "जाते," आणि कोपऱ्यात बसले. तुम्ही माझ्याकडं पाठ केलीत. मी सासूबाईंची वाद्यांची पिशवी पुढ्यात ओढली. अशी मी आले, कुणी बोलावलं म्हणून नाही.

पहिली वेणी तुम्ही बोटात धरून ओढलीत आणि सगळी उसवून माझ्या मांडीवर टाकलीत. "सैल." दुसरी घातली. "सैल." तिसऱ्या दिवशी म्हणालात, "आवळ." मला वाटलं, चला, एक शब्द तरी वाढला. घरी जाऊन मी ह्यांच्यावर आग पाखडली, "तुमच्या बापाच्या घशात काय दोनच शब्द बसतात का?" हे हसायला लागले. म्हणाले, "आईला पहिल्या वर्षी तेवढेही मिळाले नव्हते." ते ऐकल्यावर मग मी पेटले. दातात वादीचं टोक धरून अशी आवळली की हिरडी सुजली. ती वेणी तुम्ही ओढून पाहिलीत, ठेवून दिलीत आणि चहा सांगितलात. दोन. त्या दिवसापासून चहा दोन यायला लागले. शाबासकी म्हणायची तर तीच.

मग मला रापी हवी झाली. वेण्या घालणाऱ्या बाईला कळतं, की खरं काम कापण्यात आहे. रापीचं ते रुंद पातं तुमच्या मुठीतून कातड्यावर असं जायचं की जणू खाली कातडं नाहीच, लोणी आहे. मी मागितली तर म्हणालात, "बायकांनी रापी धरायची नसती."

"कुणी सांगितलं?"

"माझ्या बापानं."

"त्यांना कुणी सांगितलं?"

"त्यांच्या बापानं."

"म्हणजे कुणी बाईनं सांगितलेलं नाही ना?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग माझ्या हाताकडं बघितलंत आणि म्हणालात, "त्यातनं तू डावखुरी." झालं, विषय संपला. एकतर बाई, त्यात डावरी. शाळेत बाईंनी छड्या मारून मारून माझा लिहायचा हात उजवा केला होता, बाकी सगळा संसार डाव्यानंच. चपाती डाव्यानं, सुई डाव्यानं, आणि भांडताना हातवारेही डाव्यानंच करते असं हे म्हणतात.

तुमचं कापायचं काम कधी चालायचं ते आठवलं की मला आजही हसू येतं. आपली भिंत शेजारच्या कापडाच्या लूमला चिकटलेली. दिवसभर खटाखट खटाखट, फरशी थरथरायची, कातडं भिजवायच्या दगडी कुंडीतलं पाणी कधी म्हणून स्थिर राहायचं नाही. त्या थरथरीत तुम्ही शिवायचात, ठोकायचात, पण रापी उचलायची नाही. मग दुपारी लोडशेडिंगला लाईट जायची. अख्खी भिवंडी एकदम गप्प. कारखान्यातून शिव्या ऐकू यायच्या, कामगार बनियनवर बाहेर येऊन बिडी पेटवायचे, मालक कपाळाला हात लावायचे. आणि तुम्ही कुंडीत बघायचात. पाणी थांबलं की म्हणायचात, "गेली एकदाची!" आणि रापी घ्यायचात. गावाचं नुकसान व्हायचं तेव्हा आमचं कापकाम व्हायचं.

आता माझी चूक. तुम्ही कुणाला सांगितली नाहीत, मीच सांगते. तुम्ही कातडं आणायला धारावीला गेला होतात. लाईट गेली, कुंडीतलं पाणी थांबलं, आणि मला राहवेना. मी रापी घेतली, डाव्याच हातात, आणि एका जोडाचे पट्टे कापले. कातड्याचा जो भाग मऊ लागला, रापी सहज गेली, तिथून कापले. वेण्या घातल्या, जोडाला चढवले, खिळ्याला लावले. तुम्ही परत आलात, बघितलंत आणि शिवायला बसलात. मला वाटलं, जिंकले. पंधरवड्यात गिऱ्हाईक आलं. वहाण पायातून लोंबत होती, पट्टा एवढा ताणलेला की आत अजून एक पाय गेला असता. मी पोटाकडचं कातडं कापलं होतं, आबा. जनावराचं पोट खाऊन फुगतं, उपाशी आत जातं, तिथलं कातडं ताणतंच. वहाणेला पाठीचंच लागतं. हे आपल्यात गुडघ्याएवढ्या पोराला ठाऊक असतं आणि मला ठाऊक नव्हतं. तो माणूस तोंड सोडून बोलत होता. मी तोंड उघडणार तोच तुम्ही म्हणालात, "माझ्या हातनं झालं. म्हातारा झालो. बदलून देतो." चाळीस वर्षांत तुमच्या हातून एक पट्टा ताणला नव्हता.

तो गेल्यावर मला वाटलं, आता घरी बसवणार. तुम्ही अख्खं कातडं फरशीवर पसरलंत आणि म्हणालात, "डोळं मीट." मी मिटले. "पाठ कुठं?" मी चाचपत हात ठेवला. "ती मान. डोळं उघडू नको." आठवडाभर रोज तेच. पाठ कुठं, पोट कुठं, मान कुठं, गोचिडीचा डाग कुठं. शेजारचा लूमवाला रहमान दारात उभा राहून बघायचा, म्हणायचा, "चाचा, बहू को अंधा बना दोगे क्या?" तुम्ही म्हणायचात, "आँख से नहीं दिखता ये." आठवड्यानंतर माझा हात सरळ कण्यावर जायला लागला. जोडाचे दोन तळ कण्याच्या दोन अंगांनी समोरासमोर कापायचे, एका बैठकीत, म्हणजे दोन्ही पाय सारखेच झिजतात, हेही तेव्हाच सांगितलंत. सगळं सांगितलंत. रापी तेवढी दिली नाहीत. तुकड्यांवर सराव करायला द्यायचात, तोही उजव्या हातानं. ते तुकडे उंदरानं कुरतडल्यासारखे निघायचे. मी आदळआपट करायचे, तुम्ही पुढचा तुकडा माझ्याकडं सरकवायचात.

आणि दुसरं भांडण पट्ट्यांचं. तुम्ही माप कागदावर कधी घेतलं नाहीत. कातड्याची बोटभर रुंद पट्टी, तिच्या एका कडेला डाव्या पायाच्या खाचा, दुसऱ्या कडेला उजव्याच्या. टाच, चवडा, अंगठा, उंची. प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाची एक पट्टी, सगळ्या एका खिळ्याला. एकोणतीस. एकीवरही नाव नाही. मी म्हटलं, "आबा, नावं लिहूया." तुम्ही म्हणालात, "माणूस आला की पट्टी वळखती त्याला." मी म्हटलं, "आणि तुम्ही नसलात तर?" तुम्ही म्हणालात, "मी कुठं चाललोय?"

कुठं चाललोय म्हणे!

त्या एकोणतीसांत एकही बाई नव्हती. ते मी एकदा बोलूनही दाखवलं. तुम्ही चांभार असून घरातल्या बायका रबरी स्लिपर घालतात, नऊ वर्षांत मला एक जोड केला नाहीत, असं. तुम्ही नुसतं म्हणालात, "माप घ्यायला पाय धरावा लागतो." बाईमाणसाच्या पायाला परक्या पुरुषानं हात लावायचा नाही, सुनेच्या तर नाहीच. मी म्हटलं, "मग बायांनी काय आयुष्यभर रबर घासायचं?" तुम्ही मेण लावलेला दोरा दातानं तोडलात. "पुरे," म्हणालात.

शेवटचं काम आठवतंय मला. दुपारी लाईट गेली, तुम्ही धर्मादादांचा डावा तळ कापलात आणि रापी खाली ठेवलीत. मी म्हटलं, "आणि उजवा?" तुम्ही म्हणालात, "हात दुखतोय. उद्या." मला चमत्कारिक वाटलं. तुम्ही एकट्या पायाचा तळ कधी कापत नव्हतात. पण तुमचं वय झालं होतं, मी विश्वास ठेवला. दोन दिवस बसून डावा पुरा केलात, वेणी माझी, बाकी सगळं तुमचं. तिसऱ्या दिवशी सकाळी दुकानात पोचलात, दोन चहा सांगितलात, आणि माझा चहा येईपर्यंत तुम्ही नव्हतात. त्या चहाचं मी काय केलं मला आठवत नाही.

तेराव्याला संजयभावजी टेप घेतलेला माणूस घेऊन आले. मोबाईल, रिचार्ज, कव्हर, असलं दुकान टाकणारा. तो गाळा मापायला लागला आणि माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हटलं, "आबांची राख अजून निवली नाही, भावजी!" तुमचा मुलगा वाईट नाही, आबा, हे मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत होतं. ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, आबांनी जन्मभर लोकांचे पाय धरले. माझ्या पोराला शाळेत अजून त्यावरून बोलतात. आता पुरे ना?"  बोलतात हे खोटं नव्हतं. माझ्याही पोरीला बोलतात. पण मला हेही दिसत होतं, की तुमचा हात थांबला तर धर्मादादाचा पाय उघडा पडणार, आणि त्या पायाला अख्ख्या बाजारात दुसरं काही बसणार नाही. मी म्हटलं, "तो अर्धा जोड मी पुरा करते. धर्मादादांनी पायात घालून 'नको' म्हटलं, तर किल्ली मी स्वतः तुमच्या हातात देईन. घेतला, तर गाळ्यात मी बसणार, आणि पुन्हा टेप आणायचा नाही." भावजी म्हणाले, "तुम्हाला रापी येते का?" मी म्हटलं, "नाही." खोटं कशाला बोलू? आमचे हे गोडाऊनमधून ड्युटी करून आलेले, डोळे लाल. ते म्हणाले, "हळदीला आठ दिवस आहेत. आठ दिवस थांब, संजय."

दुसऱ्या दिवशी मी कुलूप उघडलं. आधी पट्टी शोधायची होती. एकोणतीस मुक्या पट्ट्या! माणूस आला की ओळखते म्हणे, आणि माणूस काल्हेरला, हळदीच्या गडबडीत. मी त्यांच्याकडं जाऊन नवीन माप घेऊ शकले असते, पण मग 'सून आधीच अडली' असं झालं असतं. मी तुमचा डावा तळ घेतला आणि एकेक पट्टी त्याच्यावर ठेवत गेले. तिघींच्या डाव्या खाचा बरोबर बसल्या. मग त्या तिघी उलटवल्या. दोघींचा उजवा डाव्याइतकाच. तिसरीची चवड्याची खाच बोटभर अलीकडं, आणि करंगळीपाशी बाहेर एक तिरकी चीर. मी मोठ्यानं म्हटलं, "या धर्मादादा." पट्टी ओळखते, हे तुमचं खरं निघालं. पण अर्धा दिवस घालवून, हेही लिहून ठेवा.

मग हत्यारं काढली. भावजींनी ती पोत्यात बांधून ठेवली होती. तीन राप्या निघाल्या. दोन तुमच्या नेहमीच्या, धार एकाच अंगानं लावून लावून झिजलेल्या. तिसरी सासूबाईंच्या वाद्यांच्या पिशवीच्या पार तळाशी होती, फडक्यात गुंडाळलेली. जुनं पातं, पण मुठीला नवीन वादी गुंडाळलेली, आणि धार चक्क उलट्या अंगानं. मला वाटलं, हे काय, आबांनी चुकीची धार लावली? शेवटी शेवटी नजर गेली होती की काय? उजव्या हातात घेऊन एका तुकड्यावर टेकवली तर आत घुसायलाच तयार नाही, बाहेर निसटायची. मी चिडून ती डाव्या हातात घेतली.

आबा, ती गेली. सरळ, गुपचूप, तुमच्या मुठीतून जायची तशी.

 मग पोतं उचललं. त्याखाली फडक्यात गुंडाळलेलं कातडं होतं. कण्यावर आरीच्या टोकानं ओढलेली रेघ, तिच्या एका अंगाला डाव्या तळाची जागा कापून गेलेली, दुसऱ्या अंगाला समोरासमोर तेवढीच जागा कोरी ठेवलेली. हात दुखतोय म्हणे! हात दुखत नव्हता तुमचा. आठवडाभर आधी कधीतरी बसून तुम्ही माझ्या हाताची धार लावली होतीत आणि उजवा पाय माझ्यासाठी ठेवला होतात. मला इतकं रडू आलं आणि इतका संतापही आला! तोंड नव्हतं का तुम्हाला? "घे पोरी, तू काप," एवढं म्हणायला जीभ झिजली असती? मी किती नाचले असते, माहीत आहे? सगळ्या टेमघरला पेढे वाटले असते. ते बघायचं सोडून निघून गेलात. रहमान धावत आला, "क्या हुआ भाभी?" मी म्हटलं, "कुछ नहीं, चाचा ने धार लगा के रखी है." तो त्या रापीकडं बघत राहिला. म्हणाला, "तो फिर रो क्यूँ रही हो, काटो."

त्या दिवशी लाईट गेलीच नाही. वैरीण कुठली! एरवी रोज जाते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कुंडीवर डोळे लावून बसले. पाणी थरथरतंय, थरथरतंय, आणि एकदम थांबलं. बाहेर शिव्या सुरू झाल्या. मी म्हटलं, "गेली एकदाची!" आणि डोळे मिटले, हात फिरवून कणा तपासला, डोळे उघडले आणि कापलं. टाचेच्या वळणावर हात थोडा हलला. तिथं कड जराशी आत गेली आहे, बघणाऱ्याला दिसेल. बाकी तुमच्या पट्टीला लावून बघा, एकही खाच चुकलेली नाही. शिवण, कान, अंगठ्याची वादी, वेणी, सगळं मिळून चार दिवस लागले. आवळ, आवळ, असं मी स्वतःलाच म्हणत होते.

हळदीच्या आदल्या दिवशी आम्ही काल्हेरला गेलो, मी आणि संजयभावजी. ते म्हणाले, "मी येतो. उगाच नंतर वाद नको." मांडव घालायचं चाललं होतं. धर्मादादा खुर्चीत बसून माणसांवर ओरडत होते. मला बघून म्हणाले, "ये गो बाय. आबा गेला नं गो... मना आयकून दोन घास गेलं न्हाय." मी जोड पुढं ठेवला. त्यांनी आधी डावी घातली. मग उजवी. उठले आणि मांडवातून बाहेर पडले. गोडाऊनच्या रस्त्यानं, जिथं पूर्वी त्यांचा बांध होता, तिथपर्यंत चालत गेले. ट्रक उभे होते, त्यांच्यामधून दिसेनासे झाले.  भावजी घड्याळात बघत होते, मग तेही बघायचे थांबले. दादा परत आले, खुर्चीत बसले, उजवी काढून हातात घेतली आणि उलटी करून टाचेवर अंगठा फिरवला.

"ही आबाची न्हाय."

भावजींनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "नाही. माझी आहे."

"टाचंला हात हाललाय तुजा."

"हो."

"पन इनं माजा पाय वलखलाय." त्यांनी वहाण परत पायात घातली. "आबाला पयल्या खेपंला ही करंगली कवाच जमली न्हाय. दोन येला परत पाठवायला लागायचा. सांग त्याला." मग आपलं काय चुकलं ते लक्षात येऊन त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. सांगते आहे, आबा. तुमची करंगळी चुकायची.

मी उठणार, तर त्यांनी आत हाक मारली, "पारू! ये गो हिकडं." त्यांची बायको आली, पारूबाई, हात पिठाचे, पायात निळ्या रबरी स्लिपर, एकीचा पट्टा खिळ्यानं अडकवलेला. दादा म्हणाले, "आबा बाईमानसाच्या पायाला हात लावत नव्हता. हिला जल्मात वहाना भेटल्या न्हाय. तू लावशील का हात?" पारूबाई मागं सरल्या, "मना कशाला? हे बघ ना पाय कसं हायत, चिखलानं फाटलेलं. मना रबरीच बरी."

मी खाली बसले आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. आयुष्यभर भाताच्या चिखलात उभा राहिलेला पाय. टाचेच्या भेगांत बोट जाईल एवढ्या. त्या लाजून पाय ओढून घेत होत्या, मी घट्ट धरला होता. माझ्या मनात आलं, भावजी म्हणाले ते खरंच आहे, हे पाय धरणंच आहे. पण ह्या बाईचा पाय आजवर धरलाच कुणी नव्हता. मी माझ्या पिशवीतली कोरी पट्टी काढली, टाच धरली, खाच पाडली, चवडा, अंगठा, उंची. दुसरा पाय. मान वर केली तर संजयभावजी माझ्याकडं बघत होते. मी काही मागितलं नव्हतं. त्यांनी खिशातला पेन काढला आणि पट्टीवर नाव घालायला पुढं केला. येताना रिक्षात ते एवढंच बोलले, "टेपवाल्याला मी सांगतो." किल्ली माझ्याचकडं आहे.

आबा, भांडण अजून मिटलेलं नाही. तुमची पट्टी माणसाला ओळखते हे मी मान्य केलं, पण ती ओळखून देणारं माणूस गेलं की ती मुकी होते, आणि तुम्ही गेलात. धर्मादादांच्या पट्टीवर मी नाव घातलंय. राहिलेल्या अठ्ठावीस जणांना येतील तसं विचारीन, जे येणार नाहीत त्यांच्या दारात जाऊन पाय मागीन. माझ्यामागून जी कुणी इथं बसेल तिला असं अर्धा दिवस चाचपत बसायला लागू नये. आणि पुढचा जोड मी माझ्या पायाचा करणार आहे, तुम्हाला आवडो न आवडो.

आज दुपारी लाईट गेल्यावर पारूबाईंचे तळ कापले, दोन्ही, समोरासमोर, एका बैठकीत. मग त्यांची पट्टी तुमच्या खिळ्याला टांगली. तिसावी. तिच्यावर लिहिलंय, पारूबाई, काल्हेर. अक्षर वाकडं आलंय. डाव्या हातानं लिहिलंय.